पापुद्र्याच्या मध्यभागी

डहाणू तालुक्यातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक होते. काम ठरलेले. सूक्ष्मदर्शक पुसून झाकून ठेवायचे, बरण्यांतले फॉर्मेलिन बदलायचे, प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी ओळखायला द्यायचे नमुने टेबलांवर मांडायचे आणि वर्षअखेरीस डेड स्टॉक रजिस्टरशी सगळ्याचा मेळ घालायचा. निवृत्त झाल्यावर नातेवाइकांनी विचारले, की इतकी वर्षे त्या वासात बसून केलेस तरी काय? खरे उत्तर द्यायचे तर मी पापुद्रे पाहिले. दोरांवरचे, बोयांवरचे, होड्यांच्या तळांवरचे पांढुरके, जाळीदार पापुद्रे. शास्त्रात त्यांना ब्रायोझोआ म्हणतात. त्यातही मेम्ब्रॅनिपोरा या एका वंशाच्या आणि त्याच्या भाऊबंदांच्या नादी मी लागले, ती आजतागायत सुटलेली नाही.

माझे माहेर मांगेला मच्छीमारांचे, वरोरच्या बाजूचे. आमच्याकडे समुद्रातून आलेल्या वस्तूंचे दोनच भाग: विकायच्या आणि टाकायच्या. आई बंदरावर बसून जवळा, करंदी, मांदेली, बोंबील असे ढीग लावायची. अंधुक उजेडातही तिचा हात चुकत नसे. जाळ्याला किंवा होडीच्या तळाला जे चिकटून यायचे ते मात्र सगळे एकाच ढिगात जायचे. त्यात बार्नेकल असत, कालवांची पिल्ले असत, नळीत राहणाऱ्या अळ्या असत आणि हे पापुद्रेही असत. पावसाळी मासेमारी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या काळात, होड्या वर ओढून शाकारल्या की तळ खरवडायचा आणि पुन्हा रंग लावायचा. त्या खरवडीत एखादा प्राणी असेल असे आमच्या घरात कोणाच्या मनातही आले नसेल. माझ्याही आले नव्हते.

कळले ते नोकरी लागून बरीच वर्षे झाल्यावर. बाहेरगावच्या एक संशोधक बाई खाडीत पट्ट्या टांगायला आल्या होत्या. लाकूड, लोखंड आणि प्लास्टिक यांचे हाताएवढे तुकडे दोरीला बांधून धक्क्याखाली सोडायचे आणि ठरावीक दिवसांनी वर काढून त्यांवर काय बसले ते पाहायचे, असे काम होते. मुंबई बंदरात नौदलाच्या प्रयोगशाळेने अशा पट्ट्यांवर फार पूर्वीपासून काम केले आहे. कारण सरळ आहे. जहाजाच्या तळावर जीव वाढले की तळ खडबडीत होतो, वेग पडतो आणि इंधन जास्त जळते. किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रांचीही हीच कटकट असते. थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतले की त्याबरोबर या जिवांची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे डिंभ, आत येतात आणि पाइपच्या आतल्या भिंतीवर घर करतात, म्हणून पाण्यात क्लोरीन सोडावे लागते. डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र खाडीच्या काठीच उभे आहे, त्यामुळे इथल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बाईंना स्थानिक माणूस हवे होते. भरती-ओहोटीची वेळ ओळखणारे, चिखलात न घसरणारे आणि कॉलेजच्या कपाटाची किल्ली जवळ असणारे. तिन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या. इथल्या ओहोटीत चुकून चालत नाही. मुंबईकडून खंभातच्या आखाताकडे जावे तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते आणि डहाणूला उधाणाच्या दिवसांत पाणी इतके मागे जाते की सकाळी होडीतून गेलेली जागा दुपारी पायी ओलांडता येते. पट्टी कोणत्या उंचीवर टांगली यावर तिच्यावर काय बसणार ते ठरते. फार वर टांगली तर ती उन्हात वाळते, फार खाली टांगली तर गाळात रुतते.

पहिली पट्टी वर आली तेव्हा बाईंनी ती वाळू दिली नाही. खाडीच्याच पाण्यात बुडवून काचेच्या बशीत ठेवली आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. मी फॉर्मेलिनमधले मेलेले नमुने आयुष्यभर हाताळलेली बाई. मला फक्त जाळी दिसली. लांबट कप्पे, एकाला लागून एक, प्रत्येक साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. थोडा वेळ काहीच हलले नाही. मग एका कप्प्याच्या टोकाचे झाकण उचलले गेले आणि आतून बारीक संस्पर्शकांचा घोस बाहेर येऊन उमलला. मग शेजारच्या कप्प्यातून, मग त्याच्या पलीकडच्या. मी बशीला जरासा धक्का दिला तसे सगळे एका क्षणात आत गेले.

मुलांना समजावताना मी नंतर नेहमी चाळीचा दाखला द्यायची. एका ओळीत खोल्या, प्रत्येकीला आपले दार, मधल्या भिंती सामाईक आणि एका खोलीत आलेले अन्न भिंतीतल्या छिद्रांतून शेजारी पोचते. मात्र या चाळीतला भाडेकरू बाहेरून आलेला नसतो. पहिल्या खोलीतून दुसरी फुटते, दुसरीतून तिसरी, आणि सगळे रहिवासी एकाच जिवाचे अंश असतात. प्रत्येक घटकाला झूइड म्हणतात. खोलीतला जीव म्हातारा होऊन विरघळतो, त्याचा एक तपकिरी गोळा मागे राहतो आणि बरेचदा त्याच भिंतींच्या आत नवा जीव तयार होतो. मग हा पापुद्रा एक प्राणी मानायचा की हजार? मुले हा प्रश्न दरवर्षी विचारत आणि मी दरवर्षी सांगे, की वही मिटू नका, दोन्ही उत्तरे लिहा.

जगात आज ब्रायोझोआच्या सहा हजारांहून अधिक जिवंत प्रजाती माहीत आहेत आणि बहुतेक सगळ्या समुद्रातल्या. जीवाश्मांच्या प्रजाती तर याहून जास्त. एवढा मोठा संघ, पण पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम पान येते. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न येत नाही, म्हणून शिकवणारेही भरभर पुढे जातात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मला त्याचा फायदाच झाला. ज्या कपाटाकडे कोणी पाहत नाही त्या कपाटात एखाद्याला निवांत काम करता येते.

मेम्ब्रॅनिपोरा हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लॅनव्हिल यांनी १८३० मध्ये दिले. वंशाची खूण अशी की कप्प्याच्या वरच्या बाजूला चुन्याचे छत नसते, नुसता पातळ पडदा ताणलेला असतो. खूण सोपी होती म्हणून पुढची शंभर वर्षे जगातल्या कोणत्याही समुद्रातला पडदेवाला पापुद्रा या नावाखाली जमा होत गेला. मग लोक बारकाईने पाहू लागले आणि वाटण्या सुरू झाल्या. काही प्रजाती इलेक्ट्रा वंशात गेल्या, काही कोनोपियममध्ये, काही बायफ्लस्ट्रामध्ये. तरंगत्या सागरी शैवालावर आणि वाहून येणाऱ्या वस्तूंवर वाढणाऱ्या दोन प्रजातींसाठी १९९७ मध्ये जेलिएला असा नवा वंश केला गेला. २०१० मध्ये इलेक्ट्रामधून आर्बोपरक्युला वेगळा निघाला. म्हणजे मी नोकरीत असतानाच माझ्या कपाटातल्या बरण्यांचे पत्ते बदलत होते.

या वाटण्यांतली एक गोष्ट मला फार पटली. वसाहत वाढून मोठी झाली की हे सगळे वंश वरवर सारखे दिसतात. फरक स्पष्ट दिसतो तो अगदी आरंभी. पोहणारा डिंभ एखाद्या जागी बसतो आणि त्याचे रूपांतर पहिल्या झूइडमध्ये होते. इलेक्ट्रा, कोनोपियम किंवा आर्बोपरक्युला असेल तर तो एकटा असतो. मेम्ब्रॅनिपोरा, बायफ्लस्ट्रा किंवा जेलिएला असेल तर दोन जुळे कप्पे एकदमच तयार होतात, एकमेकांना चिकटून. पुढे वसाहत तळहाताएवढी झाली तरी ते दोन कप्पे मध्यभागी असतातच, निदान असायला हवेत. पण मध्यभाग हाच सर्वांत जुना भाग. तिथले पडदे फाटलेले असतात, वर बार्नेकल बसलेले असते किंवा गोगलगाईच्या जातीच्या प्राण्याने तो कुरतडलेला असतो. होडीच्या तळावरून खरवडलेल्या तुकड्यात तर मध्यभाग सापडणे हा नशिबाचा भाग.

म्हणून पट्ट्यांचे महत्त्व. पट्टी कोणत्या तारखेला पाण्यात गेली हे आपल्याला माहीत असते. लवकर वर काढली तर तिच्यावर नुकत्याच बसलेल्या वसाहती मिळतात आणि आरंभ जसाच्या तसा पाहता येतो. ज्या बाईंनी मला हे दाखवले त्या एकदा म्हणाल्या होत्या, की मोठी वसाहत ओळखायला हुशारी लागते, लहान ओळखायला फक्त वेळेवर हजर असावे लागते. हुशारीचे माझे काही सांगता येत नाही, पण हजेरी हा माझ्या नोकरीचाच भाग होता.

आमच्या खाडीत काय सापडते, असे कोणी विचारले तर मी आधी सांगते की फार काही नाही. प्रजातींची विविधता म्हटले की लोकांना लक्षद्वीपचे निळे पाणी आठवते. इथले पाणी गढूळ, गाळाचे. पावसाळ्यात नद्यांचे पाणी उतरले की खाडीचा खारटपणा एकदम घटतो आणि पट्टीवरचे निम्मे जग मरून जाते. दसऱ्याच्या सुमारास पाणी पुन्हा खारे झाले की वस्ती नव्याने बसू लागते. अशा जागी थोड्याच प्रजाती टिकतात, पण ज्या टिकतात त्या चिवट असतात आणि मिळेल ती जागा व्यापून टाकतात. प्रजातींचा आकडा लहान म्हणजे जीवन कमी, असा अर्थ काढणारी मुले मी खूप पाहिली. त्यांना मी एकच पट्टी दोनदा दाखवायची, श्रावणातली आणि मार्गशीर्षातली. मग ती आकड्याबरोबर महिनाही विचारू लागायची.

निमखाऱ्या पाण्यातल्या या चिवट मंडळींची एक जुनी गोष्ट आहे आणि ती आपल्याच देशातली आहे. कलकत्त्याच्या हुगळी नदीत गाळ साचतो म्हणून १८६० च्या दशकात मातला नदीवर पोर्ट कॅनिंग नावाचे नवे बंदर उभारायला घेतले होते. कलकत्त्याला पर्याय होईल अशी मोठी स्वप्ने होती. १८६७ च्या वादळाने तडाखा दिला आणि काही वर्षांतच बंदराचा कारभार आटोपला. त्याच सुमारास फर्डिनांड स्टोलिक्झ्का तिथे गेले. हे मोराव्हियात जन्मलेले भूशास्त्रज्ञ, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जीवाश्मांवर काम करणारे. पोर्ट कॅनिंगच्या निमखाऱ्या पाण्यात त्यांना एक पापुद्रा सापडला आणि १८६९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी त्याचे वर्णन मेम्ब्रॅनिपोरा बेंगालेन्सिस या नावाने छापले. पाच वर्षांनी, १८७४ मध्ये, यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखात त्यांचा मृत्यू झाला. लेहमध्ये त्यांचे स्मारक आहे.

पुढे ही प्रजाती मेम्ब्रॅनिपोरातून इलेक्ट्रात गेली आणि आता आर्बोपरक्युलात आहे. उद्या आणखी कुठे जाईल. पण १८६९, पोर्ट कॅनिंग आणि निमखारे पाणी या तीन गोष्टी कोणी बदलू शकलेले नाही. त्या आहेत म्हणूनच दीडशे वर्षांनी कोणी मातला नदीवर जाऊन तेच पापुद्रे पुन्हा शोधू शकतो आणि हाच तो प्राणी आहे का, असे विचारू शकतो. आमच्या खाडीतल्या दोरांवर काटेरी कडांचा एक पापुद्रा नेहमी मिळतो. माझ्या नजरेला तो याच गटातला वाटतो. तरी माझ्या चिठ्ठीवर पुढची प्रजाती ‘अनिश्चित’ अशीच लिहिलेली आहे.

अनिश्चित लिहायला मला एका परदेशी प्रयोगाने शिकवले. मेम्ब्रॅनिपोरा मेम्ब्रॅनेसिया ही थंड समुद्रातली प्रजाती केल्प नावाच्या मोठ्या शैवालावर वाढते. तिला खाणारी एक चिमुकली, शिंपला नसलेली समुद्री गोगलगाय आहे. ड्र्यू हार्वेल या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की ही गोगलगाय आसपास असली की वसाहतीच्या नव्या कप्प्यांवर काटे येतात. नसली तर येत नाहीत. प्राणी तोच, प्रजाती तीच, फक्त शेजार बदलला. हे वाचल्यावर मी बराच वेळ शांत बसले होते. काट्यांची संख्या मोजून प्रजाती वेगळ्या करायची सवय आमच्या सगळ्यांना होती. त्यानंतर काटे मोजताना मी वसाहतीच्या कडेचे कप्पे आणि आतले कप्पे वेगवेगळे पाहू लागले, शेजारी काय काय होते ते लिहू लागले आणि एका वसाहतीवरून काही ठरवायचे बंद केले. ब्लीचच्या पाण्यात तुकडा ठेवून वरचे मांस काढून टाकले की चुन्याचा सांगाडा स्वच्छ दिसतो. त्यावरून बरेच कळते. त्याच्या पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो किंवा डीएनए. दोन्ही डहाणूच्या एका लहान विभागात नसतात, पण तुकडा नीट जपून ठेवला तर ही साधने जिथे आहेत तिथे तो जाऊ शकतो. डीएनए हवा असेल तर फॉर्मेलिन चालत नाही, कडक अल्कोहोल लागते. हे कळल्यापासून मी प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करू लागले.

मग ती वर्षअखेर आली. विभागाची जागा बदलायची होती, कपाटे कमी मिळणार होती आणि जुने साहित्य निर्लेखित करायचे होते. डेड स्टॉक रजिस्टर उघडून आम्ही बरण्या एकेक करून टेबलावर मांडल्या. काही बरण्या फार देखण्या होत्या. मोठी, पंख्यासारखी पसरलेली एक ब्रायोझोआ वसाहत होती, तशी मी पुन्हा पाहिली नाही. पण तिच्यावरची चिठ्ठी कधीच गळून गेलेली होती. कुठली, कोणी आणली, कोणत्या साली, काहीच नाही. नियमाप्रमाणे ती गेली. तिच्या शेजारी एक कुरूप बरणी होती, पाणी पिवळे पडलेले, आत दोराचा काळपट तुकडा. पण तिच्या आत जाड कागदाची चिठ्ठी होती आणि तिच्यावर गाव, दोर कशाचा, किती खोल आणि तारीख लिहिलेली होती. ती राहिली. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. देखणी बरणी गेली याचे दुःख होतेच. त्याहून जास्त हे लागले, की ती टाकणाऱ्यांशी वाद घालायला माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता. त्यांचे बरोबर होते. ती वस्तू कुठलीच नव्हती.

तेव्हापासून चिठ्ठी बरणीच्या आत गेल्याशिवाय मी झाकण लावू दिले नाही.

चिठ्ठी कशी लिहावी, हे मात्र मला एका विद्यार्थिनीने शिकवले. ती तलासरीच्या आतल्या भागातली, वारली कुटुंबातली. तलासरी तालुक्याचा समुद्राशी संबंध झाईच्या बाजूला थोडासा, बाकी सगळा डोंगर, पाडे, ओढे आणि भातशेती. आमच्या सहलीत तिला किनाऱ्याचा वास सोसला नव्हता. पण प्लँक्टन जाळ्यातून आलेल्या थेंबात तिला मेम्ब्रॅनिपोराच्या गटाचा डिंभ दिसला आणि ती गुंगली. तो त्रिकोणी असतो, दोन पातळ झडपांत बसलेला, काठावर केसांच्या पट्ट्या हलत असतात. तो पाण्यात खात खात आठवडेच्या आठवडे फिरतो. तिने त्याचे जे चित्र काढले ते आमच्या जर्नलमधल्या छापील आकृतीपेक्षा स्पष्ट होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गावाकडच्या बंधाऱ्यातून बुडालेली एक फांदी घेऊन आली. फांदीच्या खालच्या अंगाला तपकिरी, फुटवे फुटलेल्या नळ्या चिकटलेल्या. “ताई, हे पण त्यातलेच का?” हो, त्यातलेच. गोड्या पाण्यातले ब्रायोझोआ, प्लुमाटेलाच्या घराण्यातले. त्यांच्यात कोरड्या काळासाठी कठीण कवचाची बीजे तयार होतात, तळे आटले तरी ती टिकतात. मुंबईच्या तळ्यांतले असे जीव एच. जे. कार्टर या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासले होते आणि लोफोपोडेला कार्टेरी ही गोड्या पाण्यातली प्रजाती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हे सगळे मी तिला सांगितले. मग तिने चिठ्ठी लिहिली. आम्ही सगळे तोवर ‘लाकडावर’ एवढेच लिहीत होतो. तिने लिहिले: करंजाची फांदी, साल शाबूत, खालची बाजू, सावलीत, पाणी गुडघाभर, पाड्याचे नाव, वार आणि तारीख. मी तिला विचारले, करंज कशाला लिहिलेस? ती म्हणाली, “मला करंज दिसला म्हणून.” तिला झाडे नावाने माहीत होती. आमची नजर प्राण्यापाशी थांबत होती, तिची तो कशावर बसला आहे तिथपर्यंत जात होती. पुढे होड्यांचे तुकडे घेताना मी साग की फायबर, जुना रंग की नवा, तांबेयुक्त रंग की साधा, हेही भावाला विचारू लागले. त्याने पहिल्यांदा कपाळाला हात लावला. नंतर तोच फोन करून सांगू लागला, “ताई, या वेळी रंग बदललाय, लिहून ठेव.”

आता वाढवणच्या बंदराविषयी. लिहिणे टाळता येत नाही, कारण माझे माहेर त्याच पट्ट्यात आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसले. १९९८ मध्ये या प्राधिकरणाने वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२०० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध, असे त्याचे स्वरूप आहे. आमच्या घरात बंदराविरुद्धच्या मोर्चात गेलेले लोक आहेत आणि बंदरात नोकरी लागेल म्हणून कोर्स करणारा भाचाही आहे. जेवताना हा विषय कोणी काढत नाही. माझे मन कुठे आहे ते घरच्यांना माहीत आहे. जिथे जाळी लागतात तिथे भराव पडणे मला सोसत नाही.

पण माझ्या कामापुरता प्रश्न वेगळा आहे. दहा किलोमीटरचा बांध म्हणजे पापुद्र्यांसाठी दहा किलोमीटरची नवी कठीण जमीन, आणि ती गाळाच्या समुद्रात. जगभरातून येणारी जहाजे म्हणजे तळाला चिकटून आणि पोटात तोलासाठी भरलेल्या भारपाण्यातून येणारे पाहुणे. भारपाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये लागू झाला, म्हणजे ही भीती माझ्या एकटीची नाही. मेम्ब्रॅनिपोरा मेम्ब्रॅनेसियाचेच पाहा. ही प्रजाती १९८७ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेनच्या आखातात पहिल्यांदा नोंदली गेली. तिथल्या केल्पच्या पानांवर तिने थर चढवले, थर चढलेली पाने ठिसूळ होऊन वादळात तुटू लागली आणि काही वर्षांत केल्पची राने विरळ झाली. ती बाहेरून आली आहे हे लोक ठामपणे सांगू शकले, कारण त्या किनाऱ्यावर आधी काय होते याच्या नोंदी होत्या आणि त्यात ती नव्हती.

डहाणूच्या किनाऱ्याचे तसे कोण सांगणार? वीस वर्षांनी एखादी तरुण मुलगी बांधाच्या दगडावरून पापुद्रा काढेल आणि विचारेल, हा इथलाच की आलेला? मोठ्या झालेल्या वसाहतीचा वंश सांगायला जसा मध्यभाग शाबूत लागतो, तसे या प्रश्नाला बंदराआधीची नोंद लागते. ती नंतर कितीही पैसा ओतून तयार करता येत नाही. पर्यावरण अहवालांत अशा नोंदी असतात, पण त्यांत बहुतेक वेळा ‘ब्रायोझोआ’ एवढाच शब्द असतो. आमच्या आईच्या टाकायच्या ढिगासारखाच.

त्यामुळे निवृत्तीनंतर माझे काम वाढले. बंदीच्या पहिल्या आठवड्यात होड्या वर येतात तेव्हा मी चिंचणी, वरोर, डहाणू, झाई अशा बंदरांवर जाते. खरवडण्याआधी तळाचा फोटो घेते, जिथे पापुद्र्याचा मध्यभाग दिसेल तिथला तुकडा अल्कोहोलमध्ये टाकते आणि होडी त्या हंगामात कुठे कुठे गेली ते तांडेलाला विचारते. सौराष्ट्राकडे जाऊन आलेल्या होडीचा तुकडा आणि इथेच राहिलेल्या होडीचा तुकडा एका बरणीत जात नाहीत. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आता शाळांत शिकवतात. त्यांना मी हे काम मुलांकडून करून घ्यायला सांगते. सूक्ष्मदर्शक नसला तरी चालते, मोबाइल आणि पट्टी पुरते. प्रजातीचे नाव मुलांकडून मागायचे नाही. त्यांना ते येणार नाही आणि आले तरी ते बदलणार आहे.

माझी वही साधी, रेषा मारलेली आहे. तारीख, बंदर, होडी कशाची, रंग कोणता, तुकडा तळाच्या कोणत्या भागातून घेतला, जुळे कप्पे दिसले का, असे रकाने आहेत. हे सगळे मी शाईने भरते. नावाचा रकाना सर्वांत शेवटी आहे आणि तो पेन्सिलीने भरते. ज्यांना ही वही हवी त्यांनी माझ्याकडून प्रत काढून न्यावी. नावे खोडून नवी लिहावीत, बाकीच्या रकान्यांना हात लावू नये.